ईश्वर आणि दुःखाचा जाब



तत्त्वज्ञान हा आमचा धंदा नव्हे. आमची शाळा आठवीत सुटली. पुढचे जे काही शिक्षण झाले ते युनियनच्या कचेरीत आणि सार्वजनिक वाचनालयात. आम्ही ख्रिस्तीही नाही. तरी हा विषय आम्ही मागून घेतला, त्याला कारण आहे.

बऱ्याच वर्षांपूर्वी एका कारखान्यात पॉवर प्रेसखाली एका तरुण कामगाराचा उजवा पंजा गेला. त्याच्या आईने आम्हांला विचारले, "दादा, देवानं असं का केलं?" आम्ही ताडकन् म्हणालो, "देवानं नाही, मावशी. माल लवकर निघावा म्हणून प्रेसचा गार्ड माणसांनी काढून ठेवला होता." या उत्तराचा आम्हांला फार अभिमान वाटे. पुढे वाचनात आले की, ख्रिस्ती विचारवंतांचे हे जुनेच उत्तर आहे. संत ऑगस्टीन (३५४-४३०) यांनी मांडले की, वाईट ही देवाने घडविलेली वस्तूच नव्हे. आंधळेपणा म्हणजे दृष्टीचा अभाव, तसे वाईट म्हणजे चांगल्याचा अभाव. आणि पाप येते ते चांगल्याकडे पाठ फिरविणाऱ्या इच्छेतून. १९५५ साली मॅकी यांनी आव्हान दिले की, देव सर्वशक्तिमान आणि पूर्ण चांगला असेल, तर वाईट असूच शकत नाही. प्लँटिंगा यांनी १९७४ च्या आपल्या ग्रंथात उत्तर दिले: माणसाला खरोखर स्वतंत्र करावयाचे आणि तो कधी चुकणार नाही याची हमीही घ्यावयाची, या दोन गोष्टी एकत्र बसतीलच असे नाही.

इथवर आमचे ठीक चालले होते. पण पुढे आमच्या एका सहकाऱ्याची सहा वर्षांची मुलगी रक्ताच्या कर्करोगाने गेली. इथे कोणी कोणता गार्ड काढला होता? आम्ही त्याच्या घरी गेलो आणि सवयीने बोलू लागलो. दुःखाने माणूस घडतो, वगैरे. तो शांतपणे म्हणाला, "भाऊ, भाषण झालं असेल तर जरा बसा."

ही चपराक आमच्याआधी मोठमोठ्यांनी खाल्ली आहे. लाइबनिट्स यांनी १७१० साली लिहिले की, शक्य असलेल्या सर्व जगांत हेच उत्तम. १ नोव्हेंबर १७५५ रोजी, सर्व संतांच्या सणादिवशी सकाळी, लिस्बनची देवळे भरलेली असताना भूकंप झाला. मागून समुद्र आला, आग आली. १७५९ साली व्हॉल्तेरने 'कांदिद' लिहून त्या आशावादाची टर उडविली. १९६६ साली जॉन हिक यांनी जग ही आत्मा घडविण्याची जागा मानली. पण सहा वर्षांच्या पोरीने घडावे तरी कधी? हिक यांना त्यासाठी मरणापलीकडच्या जीवनाचा आधार घ्यावा लागला. शिवाय "सोसा, त्यात तुमचे कल्याण आहे" हे वाक्य आम्ही वाटाघाटींच्या टेबलापलीकडून पुष्कळदा ऐकलेले आहे!

बायबलातील ईयोबाची कथा आम्हांला अधिक प्रामाणिक वाटते. त्याचे मित्र सात दिवस व सात रात्री त्याच्याजवळ मुकाट बसले. तेवढेच त्यांचे बरोबर होते. मग ते कारणे सांगू लागले. शेवटी देव रागावतो तो जाब विचारणाऱ्या ईयोबावर नव्हे, तर देवाची वकिली करणाऱ्या त्या मित्रांवर. कारण मात्र तो ईयोबालाही सांगत नाही. आणि वधस्तंभावर येशू स्वतःच "का?" असे विचारतो. युद्धकैदेत राहून आलेल्या मोल्टमान यांनी १९७२ साली याच जागी बोट ठेवले: ख्रिस्ती देव दुःखाबाहेर उभा नाही, तो त्यात सापडलेला आहे.

याने कोडे सुटते काय? आमच्या मते सुटत नाही. पण कामाची वाटणी होते. जे दुःख माणसाने केले, ते देवाच्या खाती टाकू नये. त्या प्रेसवर गार्ड परत बसविण्यासाठी आम्ही अकरा दिवस काम बंद ठेवले. जे माणसाने केले नाही, तिथे कारणे न सांगता जवळ बसावे. हे दुसरे काम आम्ही उशिरा शिकलो.

त्या बापाचा प्रश्न मात्र आमच्याकडे अजून तसाच आहे. तो आपल्यापुढे ठेवतो आणि आपली रजा घेतो.