सरपण, यंत्र आणि आपण

(बोरिवलीत महिला गटांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला ‘सरपण आणि यंत्र’ या विषयावर बोलायला सांगितलंय. मुंबईत आता सरपणाचं काय, असं काही जणींच्या मनात आलं असेल. इथून राष्ट्रीय उद्यानाच्या आत चालत गेलं की नवापाडा लागतो, चुनापाडा लागतो. आरेत केलटीपाडा आहे. या पाड्यांवर आजही चुली पेटतात. मुलुंडला डोंगराच्या कडेला, घाटकोपरच्या टेकडीवरच्या वस्त्यांत गॅस आहे, पण सिलिंडर संपला आणि पैसे नसले की दारातली तीन विटांची चूल पुन्हा पेटते. आंघोळीचं पाणी तर अनेक घरांत बारा महिने लाकडावरच तापतं. २०१६ साली उज्ज्वला योजना आली आणि जोडणी मिळाली. दुसरी टाकी भरायला पैसे लागतात, ते मात्र बाईच्या हातात नसतात.

सरपणाचं काम म्हणजे फक्त जाळणं नाही. फाटी शोधायची, तोडायची, मोळी बांधायची, डोक्यावर चुंबळ ठेवून आणायची, घरी आल्यावर कोयत्याने नाहीतर कुऱ्हाडीने फोडायची, वाळत घालायची आणि मग फुंकणी घेऊन धुरात बसायचं. जनगणनेत घरात कोणतं इंधन वापरता हे विचारतात. ते कोण आणतं आणि त्यात किती तास जातात, हे त्या रकान्यात येत नाही. म्हणून हे काम कुणाला दिसतही नाही.

आता थोडा हिशेब करू. नुकत्या तोडलेल्या ओल्या लाकडाच्या वजनात साधारण निम्मं पाणी असतं. म्हणजे वीस किलोची मोळी आणली तर त्यातलं दहा किलो पाणीच असतं. नळावरून हंडा आणतो तो निदान पिता तरी येतो. हे पाणी आपण मानेवर वाहून आणतो आणि चुलीत नुसतं उकळून घालवतो. तीच मोळी तोडल्या जागी नीट वाळली, त्यातलं पाणी पाचव्या हिश्शावर आलं, तर वजन साडेबारा किलो भरतं. जळायचं लाकूड तेवढंच राहतं आणि मानेवरचे साडेसात किलो कमी होतात.

जळतानाही फरक पडतो. ओलं लाकूड आधी आपलं पाणी उकळवतं, मग भात शिजवतं. किलोला किलो लावून पाहिलं तर वाळलेलं लाकूड ओल्याच्या जवळजवळ दुप्पट उष्णता देतं. ओल्या लाकडाची आग थंड राहते, पुरतं जळत नाही, आणि जे जळत नाही ते धूर होऊन आपल्या छातीत जातं. घरातल्या धुरामुळे २०२० या एका वर्षात जगभरात सुमारे ३२ लाख माणसं दगावली, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. त्यात चुलीपाशी बसणाऱ्या बाया आणि त्यांच्या कडेवरची मुलं पुष्कळ असतात.

लाकूड वाळवायचं कसं, हे आपल्या आज्यांना ठाऊक होतं. अख्खा ओंडका सालीसकट ठेवला तर तो आतून ओलाच राहतो, कारण साल पाणी सोडत नाही. फोडलेल्या बाजूने आणि कापलेल्या टोकांनी ओल लवकर निघते. म्हणून मनगटाएवढ्या जाडीच्या ढलप्या करायच्या. खाली विटा ठेवून जमिनीपासून उंच रचायच्या. वरून झाकायचं, बाजू वाऱ्याला मोकळ्या ठेवायच्या. टोकांना चिरा पडल्या, साल सुटू लागली आणि दोन ढलप्या एकमेकींवर आपटल्यावर खणखणीत आवाज आला, की लाकूड तयार झालं. हे सगळं ठाऊक असूनही ओलं का जाळतो? तर फोडायला ताकद नाही, वेळ नाही, दहा बाय दहाच्या खोलीत रचायला जागा नाही, आणि आज आणलेलं आजच लागतं.

आता कायद्याकडे येऊ. राष्ट्रीय उद्यान सुमारे १०३ चौरस किलोमीटरचं आहे. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने तिथून परवानगीशिवाय वनोपज बाहेर काढता येत नाही. २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजात काटक्या-झुडपं आणि बुंधे यांचा समावेश केला. पण २००८ च्या नियमांत हे वनोपज न्यायचं कसं, तर डोक्यावरचा भारा, सायकल आणि हातगाडी, असं लिहिलं होतं. २०१२ च्या दुरुस्तीत ‘योग्य ते वाहतुकीचं साधन’ असे शब्द आले. म्हणजे चार वर्षं बाईचं डोकं हे कायद्याच्या पुस्तकातलं वाहन होतं!

यंत्र मात्र या शहरात कधीचं आलेलं आहे. ऑक्टोबर २०१९ मध्ये मेट्रो कारशेडसाठी आरेत रात्री करवती सुरू झाल्या. सर्वोच्च न्यायालयाने थांबवेपर्यंत, दोन-तीन दिवसांत, दोन हजारांहून जास्त झाडं पडली होती. त्याच आरेत वाळक्या फांद्यांची मोळी आणणारी बाई दबकत घरी येते. यंत्राला वेग असतो, पण तो कुणाच्या कामाला लावायचा हे यंत्र ठरवत नाही.

दरवर्षी पावसाळ्यापूर्वी महापालिकेचा उद्यान विभाग रस्त्याकडेच्या झाडांची छाटणी करतो. कंत्राटदाराची माणसं येतात, चेनसॉ लावतात. गुलमोहर, पर्जन्यवृक्ष, सुबाभूळ यांच्या फांद्या ट्रकमध्ये पडतात आणि ट्रक निघून जातो. या लाकडासाठी जंगलात जावं लागत नाही, कुणाचा कायदा मोडत नाही. मुंबईतल्या हिंदू स्मशानभूमींत एका देहामागे साधारण ३०० किलो लाकूड महापालिका मोफत देत आली आहे. मेल्यावर लाकूड देणाऱ्या शहराने जिवंतपणी चार ढलप्या द्यायला हरकत काय?

माझं म्हणणं असं आहे. प्रत्येक वॉर्डात एक लहान जागा मिळावी आणि तिथे छाटणीचं लाकूड यावं. एक करवत आणि लाकूड फोडायचं एक यंत्र असावं. हे यंत्र तेलाच्या दाबावर चालतं: विजेची मोटर पंप फिरवते, तेलाचा दाब दट्ट्या पुढे ढकलतो आणि ओंडका पाचरीवर फुटतो. घण मारायची ताकद लागत नाही. चांगल्या यंत्राला दोन हातांनी दोन दांडे धरावे लागतात. एक जरी हात सुटला तरी दट्ट्या थांबतो, म्हणून बोटं वाचतात. पर्जन्यवृक्षाचे धागे एकमेकांत गुंतलेले असतात, कुऱ्हाड त्यात अडकून बसते. तिथे हे यंत्र खरं कामाला येतं.

चेनसॉचं मात्र वेगळं आहे. तिच्या पात्याचं टोक लाकडाला लागलं तर ती उसळून अंगावर येते. साडीचा पदर, ओढणी, मोकळे केस तिच्याजवळ नकोतच. डोळ्यांना चष्मा, कानांना झाकण, पायांत जाड बूट हवेत. साखळी अडकवून थांबवणाऱ्या धाग्यांची पँट मिळते, ती बहुतेक पुरुषांच्या मापाची. बाईच्या मापाची मागा. ती मिळेपर्यंत करवतीला हात लावायची घाई नको.

इथे एक सावधगिरीची गोष्ट. जातं गेलं, गिरणी आली. हाताचे घट्टे गेले, फार चांगलं झालं. पण गिरणीच्या गल्ल्यावर कोण बसलं? हाताने करायचं काम बाईचं आणि बटण दाबायचं काम पुरुषाचं, असं आजवर होत आलंय. बीना अग्रवाल यांनी १९८६ साली सरपणाच्या टंचाईवर पुस्तक लिहिलं, त्यातही हाच प्रश्न आहे: नव्या साधनाची गरज बाईला असते, पण घरात आणि गावात खर्चाचा निर्णय तिच्या हातात नसतो. १९८३ साली सुरू झालेला सुधारित चुलींचा सरकारी कार्यक्रम २००२ मध्ये बंद झाला. म्हणून यंत्र गटाच्या नावावर हवं, किल्ली गटाकडे हवी, आणि पात्याला धार लावणं, तेल बदलणं हे आपल्यातल्याच दोघी-तिघींनी शिकायला हवं.

कुणी म्हणेल, तुम्ही बायांना पुन्हा चुलीपाशी बसवताय, गॅस मागा. गॅस मागायचाच आहे, परवडणारा मागायचा आहे. जानेवारी २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने लाकूड-कोळशावरच्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत स्वच्छ इंधनाकडे वळायला सांगितलं. बेकरीचं धुराडं न्यायालयापर्यंत पोचलं, पाड्यावरच्या झोपडीतला धूर पोचला नाही. तो पोचेपर्यंत ज्या बाईला उद्या सकाळी चूल पेटवायची आहे, तिला कोरडं लाकूड मिळणं हा तिचा हक्क आहे. दोन्ही मागण्या एकत्रच चालतील.

तर घरी जाताना तीन कामं घेऊन जा. पहिलं, २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली आपापल्या वॉर्डात अर्ज करा. बोरिवलीचा आर मध्य, मुलुंडचा टी, घाटकोपरचा एन, अंधेरीचा के. मागच्या तीन वर्षांत छाटणीचं किती लाकूड निघालं, कुठे गेलं आणि कुणाला विकलं, एवढंच विचारा. दुसरं, आपल्या वस्तीत चूल किती घरांत पेटते आणि सरपणावर किती तास जातात, ते घरोघर फिरून वहीत लिहा. तिसरं, छाटणी मे महिन्यातच का? मेमध्ये तोडलेलं लाकूड जूनच्या पावसात भिजतं. जिथे धोका नाही तिथली छाटणी दिवाळीनंतर करा, म्हणजे उन्हाळा संपेपर्यंत ढलप्या खडखडीत वाळतील, हे पत्र उद्यान विभागाला द्या.

वह्या आणि अर्जांची उत्तरं घेऊन पुढच्या बैठकीला या. मग वॉर्ड ऑफिसात मिळूनच जाऊ.