सर्वांत चांगले औषध कोणते?



मोठ्या आतड्याचा किंवा गुदाशयाचा कर्करोग यकृतात वा फुप्फुसात पसरला, म्हणजे बहुतेक रोग्यांत तो शस्त्रक्रियेने समूळ काढता येत नाही. मग औषधांचा आश्रय घ्यावा लागतो. अशा वेळी घरची मंडळी डॉक्टरांना विचारतात, ‘यातले सर्वांत चांगले औषध कोणते?’ प्रश्न साधा आहे. परंतु त्याचे उत्तर शोधता शोधता वैद्यकाला तो प्रश्नच बदलावा लागला. तो कसा, हे आज आपल्यापुढे मांडावयाचे आहे.

१९५७ साली अमेरिकेत चार्ल्स हायडेलबर्गर व त्यांचे सहकारी यांनी फ्लुओरोयुरॅसिल हे औषध पुढे आणले. पेशी दुभंगण्यापूर्वी आपल्यातील डीएनएची नक्कल करते. त्या नक्कलेस लागणारा एक घटक या औषधामुळे तयार होईनासा होतो. फोलिनिक आम्लाची जोड दिली, की त्याचा जोर वाढतो. पुढे या जोडीला दोन सोबती मिळाले. एक ऑक्झॅलिप्लॅटिन, हे प्लॅटिनम धातूचे संयुग, मूळचे जपानमधले. दुसरे इरिनोटेकान. ते कॅम्प्टोथेसिन नावाच्या वनस्पतिज द्रव्यापासून करतात, आणि ते द्रव्य आपल्या सह्याद्रीतल्या नरक्याच्या झाडातही सापडते. पहिला सोबती घेतला की मिश्रणाला फॉलफॉक्स म्हणतात, दुसरा घेतला की फॉलफिरी.

यांत श्रेष्ठ कोण? उत्तर अमेरिकेत ७९५ रोग्यांची, जणू चिठ्ठ्या टाकून, तीन गटांत वाटणी केली गेली. निष्कर्ष २००४ साली प्रसिद्ध झाले. फॉलफॉक्सच्या गटातील निम्मे रोगी १९.५ महिन्यांहून अधिक जगले; इरिनोटेकानच्या जुन्या मिश्रणाच्या गटात हाच आकडा १५ होता. निकाल लागला, असे आपण म्हणाल. पण जरा थांबावे. त्या जुन्या मिश्रणात फ्लुओरोयुरॅसिल एकदम टोचीत; फॉलफॉक्समध्ये ते दोन दिवस संथपणे शिरेतून देत. शिवाय पहिले औषध चालेनासे झाल्यावर फॉलफॉक्सच्या गटातील पुष्कळांना इरिनोटेकान मिळाले; उलट बाजूस ऑक्झॅलिप्लॅटिन मात्र थोड्यांनाच मिळाले. शर्यत बरोबरीची नव्हती.

त्याच वर्षी फ्रान्समधील एका अभ्यासाने ही उणीव भरून काढली. २२० रोग्यांपैकी एका गटाला आधी फॉलफिरी व रोग वाढल्यावर फॉलफॉक्स, तर दुसऱ्याला नेमके उलट, असा क्रम ठरविला. मध्य जीवनकाळ अनुक्रमे २१.५ आणि २०.६ महिने भरला. हा फरक योगायोगानेही पडू शकेल इतका लहान आहे. म्हणजे आयुष्याच्या मापाने दोन्ही वाटा सारख्याच!

मग निवड कशावर करावयाची? दोहोंचे उपद्रव सारखे नाहीत, यावर. ऑक्झॅलिप्लॅटिनने हातापायांना मुंग्या येतात, बधिरता येते. थंड पाण्याचा स्पर्शही झोंबतो. इरिनोटेकानने जुलाब होतात, केस गळतात. आता शिंप्याचा विचार करा. त्याची बोटे बधिर झाली, तर सुईत दोरा कोण ओवणार? उलट, ज्याचे पोट आधीच हलके आहे, त्याला जुलाब जिवावर बेततील. जे आकड्यांत दिसत नाही, ते रोग्याच्या रोजच्या जगण्यात दिसते.

यानंतर शास्त्र पुढे गेले आहे. आज औषध ठरविण्यापूर्वी गाठीच्या जनुकांची तपासणी करतात. जनुकांतील विशिष्ट दोष असलेल्या थोड्या रोग्यांत, शरीराच्या प्रतिकारशक्तीला मोकळी करणारे औषध रोग आवरून धरण्यात या मिश्रणांहून सरस ठरले, असे २०२० साली दिसून आले. म्हणजे ‘कोणासाठी?’ हा प्रश्न अधिकच महत्त्वाचा झाला.

तेव्हा माझी विनंती एवढीच, की तशी वेळ कोणावर आलीच, तर ‘सर्वांत चांगले कोणते?’ एवढेच विचारून थांबू नका. ‘आमच्या माणसाला आधी काय, नंतर काय, आणि त्यापायी त्याला काय सोसावे लागेल?’ असे विचारा. आणि तो माणूस कोणते काम करतो, त्याला काय सोसवते, हे डॉक्टरांना न विचारता सांगा. ते त्यांच्या कोणत्याही तपासणीत उमटत नाही.