मुक्ततेनंतरचा प्रश्न



अमेरिकेतील गुलामांच्या मुक्ततेची कथा आपणांपैकी बहुतेकांनी शाळेत वाचलेली असेल. १८६१ ते १८६५ पर्यंत तेथे यादवी युद्ध झाले आणि १८६५ च्या तेराव्या घटनादुरुस्तीने गुलामगिरी नष्ट झाली. त्या कार्याचा गौरव म्हणून जोतीराव फुले यांनी १८७३ साली आपला ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेतील लोकांस अर्पण केला. शाळेतील कथा बहुधा येथेच संपते; खरा प्रश्न मात्र येथूनच सुरू होतो.

मुक्त झालेल्या मनुष्याने पोट कशावर भरावे? जानेवारी १८६५ मध्ये जनरल शर्मन यांनी समुद्रकाठची जमीन कुटुंबामागे चाळीस एकरांपर्यंत वाटण्याचा हुकूम काढला. परंतु त्याच वर्षी अध्यक्ष जॉन्सन यांनी ती बहुतांशी जुन्या मळेवाल्यांकडे परत जाऊ दिली. मग कालचा गुलाम अर्धेलीने कापूस पिकवू लागला आणि बी-बियाणे व धान्य यांच्या उधारीत पुन्हा गुरफटला.

पेण-रोह्याकडील मनुष्यास हे चित्र परके वाटण्याचे कारण नाही. आमच्या खारेपाटात खाडीचे पाणी बांध घालून अडवावे कुळाने आणि पिकाचा मोठा वाटा न्यावा खोताने, अशी रीत होती. वर वेठ निराळीच. २७ ऑक्टोबर १९३३ रोजी अलिबाग तालुक्यातील चरी येथे नारायण नागू पाटील यांच्या पुढारीपणाखाली पंचवीस गावच्या कुळांनी जमीन न कसण्याचा निश्चय केला. लाकूडफाटा विकून व मासळी धरून त्यांनी तो १९३९ पर्यंत पाळला.

याच जिल्ह्यात, महाड येथे, १९२७ साली डॉ. आंबेडकर यांनी चवदार तळ्याच्या पाण्याचा हक्क बजावला होता. मार्च १९३७ मध्ये उच्च न्यायालयात त्या हक्कावर शिक्कामोर्तब झाले आणि त्याच वर्षी १७ सप्टेंबर रोजी त्यांनी मुंबई कायदेमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. पाण्याचा हक्क मिळाला तरी जो जमिनीसाठी दुसऱ्याच्या दारी उभा आहे तो स्वतंत्र नव्हे, हे त्यांनी ओळखले होते. ते विधेयक संमत झाले नाही. तथापि १९३९ व १९४८ चे कूळकायदे आणि १९४९ चा खोती नष्ट करणारा कायदा पुढे झालेच.

परंतु कायद्याने जमीन दिली ती ज्याची कूळ म्हणून नोंद होती त्यास. आमच्या डोंगराकाठच्या कातकऱ्याचे नाव त्या नोंदीत क्वचितच होते. १९७६ च्या कायद्याने वेठबिगारी नष्ट झाली. तरीही पावसाळ्यात उचल घेऊन पुढे वीटभट्टीवर ती फेडीत राहणारी कुटुंबे आजही आहेत, आणि कित्येक वाड्या दुसऱ्याच्या जमिनीवरच वसलेल्या आहेत.

म्हणून माझे सांगणे इतकेच, की एखादी सुधारणा पुरी झाली असे म्हणण्यापूर्वी आपण दोन प्रश्न विचारावेत: मुक्त झालेल्याच्या पायाखालची जमीन कोणाच्या नावे आहे, आणि त्याच्या उधारीची वही कोणाच्या हाती आहे?