गोंदिया जिल्ह्यातील अपरिचित जलतीर

भूमध्य समुद्राच्या काठावरील नीस, अमाल्फी इत्यादी किनाऱ्यांची कीर्ती जगभर पसरलेली आहे. आपल्या प्रांतातही जलतीराची आवड असलेला मनुष्य कोकणाकडे किंवा गोव्याकडे धाव घेतो. मुंबईपासून रेल्वेने सुमारे हजार किलोमीटरवर, महाराष्ट्राच्या अगदी पूर्व टोकास असलेल्या गोंदिया जिल्ह्यात असे काही पाहावयास मिळेल, ही कल्पना सहसा कोणाच्या मनास शिवत नाही. तथापि समुद्राचे दर्शन नसलेल्या या मुलुखास शेकडो जलाशयांचे तीर लाभले आहेत, आणि त्यांपैकी पुष्कळसे निसर्गाने नव्हे, तर माणसाच्या हाताने निर्माण केलेले आहेत.

त्यांत अग्रमान नवेगाव बांधाचा. अर्जुनी मोरगाव तालुक्यातील हा तलाव सुमारे अकरा चौरस किलोमीटर पसरलेला असून सभोवार डोंगरांनी वेढलेला आहे. अठराव्या शतकाच्या आरंभी कोलू पाटील नावाच्या कोहळी पुरुषाने तो बांधला, असे परंपरा सांगते. लोकांनी या पुरुषास देवत्व दिले. कोलासुर या नावाने त्याची पूजा होते. १९७५ साली या परिसरास राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला, व २०१३ साली नवेगाव–नागझिरा व्याघ्रप्रकल्प अस्तित्वात आला. अरण्याचे जाणकार लेखक मारुती चितमपल्ली यांनी वनाधिकारी म्हणून येथे वास्तव्य केले आणि या तलावास मराठी साहित्यात कायमचे स्थान मिळवून दिले. हिवाळ्यात उत्तरेकडून येणारी बदके येथे उतरतात. त्या दिवसांत पहाटेच्या धुक्यात पाळीवर उभे राहणे हा एक अपूर्व अनुभव होय.

नवेगावचे नाव निदान ऐकिवात तरी असते. इतर तीरांचे तेही नाही. याच तालुक्यात गोठणगावाजवळ गाढवी नदीवर इटियाडोहाचे विस्तीर्ण धरण आहे. धरणाच्या परिसरात तिबेटी निर्वासितांची वसाहत आहे. हिमालयापलीकडून आलेल्या माणसांनी भाताच्या या मुलुखात आपली घरे व आपली प्रार्थनामंदिरे उभारलेली पाहून प्रवासी क्षणभर विस्मित होतो. तिरोडा तालुक्यातील बोदलकसा व चोरखमारा हे तलाव वनराईच्या कुशीत वसले आहेत. चोरखमाऱ्याहून तर नागझिऱ्याच्या अरण्यात प्रवेश करता येतो. गोंदिया तालुक्यातील परसवाडा व झिलमिली येथील जलाशय मात्र उघड्या शेतांच्या मधोमध आहेत, आणि तेथील आकर्षण म्हणजे सारस. उडणाऱ्या पक्ष्यांमध्ये सर्वांत उंच असा हा क्रौंचकुलातील पक्षी महाराष्ट्रात आज मुख्यतः याच जिल्ह्यात उरला आहे. पावसाळ्यात भाताच्या बांधीत किंवा तलावाच्या उथळ कडेस तो घरटे रचतो व बहुधा दोन अंडी घालतो.

इतके तलाव याच भागात का, असा प्रश्न साहजिकच उत्पन्न होतो. येथे पाऊस विपुल पडतो, परंतु भाताच्या पिकास ऐन लोंबी धरण्याच्या वेळी तो दगा देतो. त्या वेळी हाताशी पाणी हवे, म्हणून कोहळी लोकांनी दोन टेकड्यांमधील खिंड हेरून तेथे मातीची पाळ घातली, आणि वरच्या तलावाचे सांडपाणी खालच्या तलावात व तेथून बोडीत उतरेल अशी साखळी जुळविली. चांद्याच्या गोंड राजाने या लोकांस काशीकडून आणविले, अशी कथा सांगितली जाते. कथा कशीही असो, शेतकऱ्यास भात व ऊस, ढिवरास मासळी व शिंगाडा, आणि पाखरांस निवारा, असा तिहेरी लाभ या पाळींनी दिला.

आज मात्र या व्यवस्थेस ओहोटी लागली आहे. मध्य प्रदेशाच्या १९५० सालच्या कायद्याने मालगुजारी संपुष्टात आली व १९५१ साली तलाव सरकारजमा झाले. रयतेच्या मानेवरील जोखड उतरले, हे इष्टच झाले. परंतु पाळ दुरुस्त करण्याची व गाळ उपसण्याची जी जुनी गावरीत होती, तिलाही कोणी वाली उरला नाही. कित्येक तलाव गाळाने उथळ झाले, कित्येकांत बेशरमाचे रान माजले. पाणवनस्पती गेल्या, तशी देशी मासळी घटली. आणि मासळी घटली, तशी ढिवराची चूल थंडावली. सारसाचीही तीच गत. शेतातील विषारी औषधे व वरून जाणाऱ्या विजेच्या तारा यांमुळे त्याचे जीवित धोक्यात आले असून त्याच्या रक्षणाचा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत गेला आहे.

तरीही चित्र केवळ निराशेचे नाही. अर्जुनी मोरगाव तालुक्यातील काही गावांत ढिवर स्त्रीपुरुषांनी स्वतः तलावात उतरून बेशरम उपटला आणि चिखलात देशी पाणवनस्पतींची लावणी केली. त्या वाढल्या, आणि दुर्मिळ झालेली मासळी पुन्हा जाळ्यात येऊ लागली. सारसाचे घरटे असलेली बांधी राखणारे शेतकरीही या जिल्ह्यात आहेत.

ज्यास हे तीर पाहावयाचे असतील, त्याने कार्तिक ते माघ या काळात गोंदियास उतरावे. गोंदिया–बल्लारशाह लोहमार्गाने अर्जुनीकडे जाता येते. सारस दूरूनच पाहावा, घरट्याजवळ जाऊ नये. वाळू, नारळी व लाटा यांची अपेक्षा मात्र मनात धरू नये. येथे पायांखाली मातीची पाळ लागते. परंतु ती ज्यांनी रचिली व जे आजही तिची निगा राखतात, त्यांच्याशी चार शब्द बोलल्यावाचून जो परततो, त्याने पाणी पाहिले. तलाव पाहिला नाही.