सूनबाईंची वही आणि शिकणारे यंत्र



संक्रांतीच्या हळदीकुंकवाला माझ्या नातीच्या हातावर कोणी तिळाचा लाडू ठेवला, की दुसरी कोणी हळूच म्हणते, "एवढ्याशा पोरीला मधुमेह? गोड फार खात असेल." म्हणून आधी तेवढे सांगून टाकते. हा पहिल्या प्रकारचा मधुमेह. यात शरीराची संरक्षक यंत्रणाच स्वादुपिंडातील इन्शुलिन करणाऱ्या पेशी नष्ट करते. लाडवाचा यात काही दोष नाही. १९२२ च्या जानेवारीत टोरांटोला एका १४ वर्षांच्या मुलाला प्रथम इन्शुलिन टोचले. त्याआधी अशी मुले फार दिवस जगत नसत.

इन्शुलिन मिळाले, पण ते किती द्यायचे हा प्रश्न रोजचाच राहिला. आमच्या सूनबाई त्यासाठी वही ठेवतात. साखर किती, पोळ्या किती, खेळणे किती, युनिट किती. कमी पडले तर साखर चढते. जास्त झाले आणि साखर ७० मिलिग्रॅमच्या खाली गेली, की पोर घामाघूम होते; झोपेत असली तर आपल्याला कळतही नाही. खो-खोच्या दिवशी रात्री जपावे लागते, हे सूनबाई त्या वहीवरूनच शिकल्या.

हल्ली हेच काम यंत्राला शिकवीत आहेत. दंडावरचा सेन्सर दर पाच मिनिटांनी साखर मोजतो, अल्गोरिदम म्हणजे ठरलेली हिशेबाची रीत मात्रा काढते आणि पंप इन्शुलिन सोडतो. अमेरिकेत २०१६ मध्ये अशा पहिल्या पंपाला मान्यता मिळाली. जेवणाचे मात्र त्यालाही आधी सांगावे लागते. इन्शुलिनचा जोर यायला तासभर लागतो, तोवर पुरणपोळी पुढे गेलेली असते!

पण शिकायचे म्हणजे चुका आल्या. माझ्या पहिल्या पोळीचा नकाशा सासूबाईंनी हसून पोटात घातला. इन्शुलिनची चूक कोणाच्या लेकरावर करायची? यावर अमेरिकेतील व्हर्जिनिया आणि इटलीतील पादुआ या विद्यापीठांच्या संशोधकांनी तोड काढली. त्यांनी संगणकात ३०० काल्पनिक रुग्ण तयार केले. त्यांत १०० लहान मुले आहेत. प्राण्यांवरील चाचण्यांऐवजी हे रुग्ण चालतील, असे अमेरिकेच्या औषध खात्याने २००८ मध्ये मान्य केले. स्वतः शिकणारे अल्गोरिदम तिथे हजारदा चुकतात, कोणाला घेरी येत नाही.

मला ही युक्ती फार आवडली. तरी एक शंका राहतेच. ती काल्पनिक मुले शाळेच्या फाटकाशी चोरून बोरे खातात का? म्हणूनच, यंत्र कितीही शिकले तरी मात्रेला वरची मर्यादा हवी आणि साखर उतरू लागली की पंप थांबला पाहिजे.

आमच्याकडे अजून सेन्सरच आहे. पंपाची किंमत लाखांत, त्यासाठी पैसे साठवतो आहोत. रात्री सेन्सर वाजतो, सूनबाई उठतात, साखरपाणी पाजतात आणि वहीत वेळ लिहितात. परवा त्या फार दमल्या होत्या. तीन वाजून दहा मिनिटांची ती ओळ माझ्या अक्षरात आहे.