दुपारचा डबा कुठं उघडायचा?

(पेडगाव येथील व्याख्यानमालेत दिलेलं व्याख्यान)



विषय ऐकून काहींना हसू आलं असेल. कापसाच्या भावावर बोलायचं सोडून हा गडी विद्यापीठातल्या नोकरदारांच्या जेवणावर काय बोलणार? पण सकाळी परभणीकडं निघणाऱ्यांच्या पिशव्या बघा. डब्यात भाकरी, शेंगदाण्याची चटणी, सोबत कांदा. हा डबा दुपारी कुठं उघडतो, एवढंच मला विचारायचंय.

कुठल्याही कृषी विद्यापीठात दीडच्या सुमाराला चक्कर मारा. विद्यार्थ्याला मेस असते, पाहुण्याला विश्रामगृह. बाबू लोक फायली बाजूला सारून टेबलावर कालचा पेपर अंथरतात. शिपाई जिन्याखाली बसतो. लिपिक बाई रेकॉर्ड रूमचं दार लोटून घेते, तरी 'मॅडम, बोनाफाईड पाहिजे होतं' म्हणत कुणीतरी डोकावतंच. प्रक्षेत्रावरची रोजंदार बाई बांधावर लिंबाखाली भाकरी हातावर घेऊन खाते; पाऊस आला की डोक्यावर पोतं घ्यायचं. साहेब केबिनमध्ये. एकाच संस्थेत उभी हयात घालवणारी ही माणसं एकमेकांसमोर कधी जेवलेलीच नसतात.

कारखान्यांसाठी हा प्रश्न 1948 च्या कारखाने कायद्यानंच सोडवला. त्या कायद्यात नियम होता: अडीचशेवर कामगार असतील तर कॅन्टीन, दीडशेवर असतील तर विश्रांतीची आणि जेवणाची खोली. कॅन्टीनच्या समितीत कामगारांचे प्रतिनिधी, आणि काही खर्च असे की ते पदार्थाच्या किमतीत धरायचे नाहीत, मालकानं सोसायचे. विद्यापीठ म्हणजे कारखाना नव्हे, हे कबूल. पण साखर कारखान्यात चालतं ते विद्येच्या घरी का चालू नये?

एकत्र खाण्यानं काय होतं, ते कोल्हापुरानं पाहिलंय. अस्पृश्य मानले गेलेले गंगाराम कांबळे राजवाड्याच्या चाकरीत होते. पाण्याला शिवले म्हणून त्यांना मारहाण झाली. शाहू महाराजांनी त्यांना हॉटेल काढायला मदत केली, आणि स्वतः तिथं गाडी थांबवून चहा घेतला, बरोबरच्या बड्या मंडळींनाही पाजला. महाराजांनी त्या दिवशी भाषण केलं असतं तर लोक विसरून गेले असते. चहा विसरले नाहीत.

मात्र सगळ्यांना एकत्र जेवायला नुसतं एक छप्पर उभारून भागत नाही. आपले रँग्लर परांजपे केंब्रिजच्या सेंट जॉन्स कॉलेजात शिकले, पुढं तिथले फेलो झाले. तिथल्या जुन्या कॉलेजांच्या भोजनगृहात सगळे एकाच दालनात जेवतात खरे, पण फेलोंचं टेबल चौथऱ्यावर! आपल्याकडं चौथरा नसेल, 'फक्त अधिकाऱ्यांसाठी' अशी पाटी असेल. ती पाटी लागणार असेल तर पैसे वाया घालवू नका. झाडाखालची सावली बरी.

आता परभणीचं बोलू. 1972 साली इथं मराठवाडा कृषी विद्यापीठ झालं. 2013 पासून त्याला वसंतराव नाईकांचं नाव आहे. याच विद्यापीठानं 2018 मध्ये 'परभणी शक्ती' हे ज्वारीचं वाण दिलं, लोह आणि जस्त जास्त असलेलं. 2023 हे तर जगभर भरडधान्य वर्ष म्हणून साजरं झालं, व्यासपीठावरून ज्वारीचं कौतुक झालं. असं वाण काढणाऱ्या संस्थेच्या माणसाला दुपारी गरम भाकरी आणि वरण मिळावं, ही मागणी काही चैनीची नाही. भाकरी बडवायला गावोगावच्या बचत गटांच्या बाया आहेत. पेडगावच्याही आहेत, त्यांना काम द्या.

अशा जेवणघराला लागतं काय? एक हवेशीर दालन. हात धुवायला पुरेसे नळ, नाहीतर वीस मिनिटं रांगेतच जातात. डबा गरम करायची सोय, कारण सगळे विकतचं खाणार नाहीत आणि घरचा डबा आणणाऱ्याला उपरं वाटता कामा नये. बायकांसाठी शेजारी एक विश्रांतीची खोली. कॅरम, दोन-चार वर्तमानपत्रं. संध्याकाळी निवृत्तीचा समारंभ तिथंच व्हावा, शिपायाचा आणि कुलसचिवाचा एकाच जागी. आणि प्रक्षेत्रावरच्या रोजंदारांना चिखलाच्या पायानं आत येता यावं अशी फरशी, गालिचा नको.

इथं विद्यापीठात नोकरीला असलेले काही जण बसलेत. संघटनेचं पुढचं निवेदन लिहाल तेव्हा महागाई भत्त्याच्या मागणीखाली सगळ्यांच्या जेवणघराची ही एक ओळ घाला, आणि त्यावर रोजंदार बायांच्याही सह्या घ्या.