कत्तलखाना आणि आठवडी बाजार

कत्तलखान्याचे काम सुरी चालण्याच्या बरेच आधी सुरू होते. 2001 च्या केंद्रीय नियमांनुसार आणलेल्या जनावराला कापण्यापूर्वी 24 तास विसावा द्यावा लागतो. यात दया आहे, तसे शास्त्रही आहे. दमलेल्या, भेदरलेल्या जनावराच्या स्नायूंतील साखर संपून जाते. मग मेल्यावर मांसात पुरेसे आम्ल तयार होत नाही, ते काळपट पडते आणि लवकर नासते. गाभण मादी, तीन महिन्यांखालील पिल्लू आणि तेवढ्या वयाच्या पिल्लाची आई यांना कापता येत नाही. एका जनावरासमोर दुसरे कापण्यास मनाई आहे. पशुवैद्यकाने तासाला 12 आणि दिवसाला 96 पेक्षा जास्त जनावरे तपासू नयेत, अशीही मर्यादा आहे. कापण्याच्या पद्धतीबाबत मात्र 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याचे कलम 28 धर्माने सांगितलेल्या रीतीला मोकळीक देते.

रक्त वाहून गेल्यावर कातडी सोलतात, आतडी काढतात आणि दुसरी तपासणी होते. काळजात यकृतकृमी, फुप्फुसात क्षयाच्या गाठी, डुकराच्या मांसात पट्टकृमीचे दाणे दिसले, तर तो भाग किंवा अख्खे धड बाद होते. मुंबईत 1971 पासून चालणाऱ्या देवनारच्या पालिका कत्तलखान्यासारख्या ठिकाणी यासाठी स्वतंत्र यंत्रणा असते.

गडचिरोली जिल्ह्यातल्या हेमलकशाच्या परिसरात चित्र निराळे आहे. भामरागडसारख्या ठिकाणी कोंबडी, बकरा, डुक्कर बहुधा आठवडी बाजाराच्या कडेलाच कापले जाते. गिऱ्हाईक जनावर जिवंत पाहते, मांस ताजे मिळते; लांबच्या प्रवासाचे हालही टळतात. उणीव आहे ती तपासणीची. फाशी रोगाने अचानक मेलेले जनावर बाहेरून धडधाकट दिसू शकते. ते फाडणाऱ्याला काळपुळी होऊ शकते आणि सांडलेल्या रक्तातले जंतू मातीत वर्षानुवर्षे टिकतात. म्हणून असे जनावर उघडूच नये, न फाडता खोल पुरावे किंवा जाळावे.

दुसरी चिंता सांडपाण्याची. पाण्यातला प्राणवायू संपवण्याच्या बाबतीत रक्त घरगुती सांडपाण्याच्या शेकडो पट घातक असते. पर्लकोटा नदीकाठच्या भामरागडला पावसाळ्यात पुराचा वेढा पडतो. तिथे उघड्यावर टाकलेली घाण नदीतच जाणार. कापणाऱ्याच्या हातांचा विचार तर फारच थोडा होतो. जखमेवाटे ब्रुसेलोसिससारखा आजार त्याला जडतो आणि साध्या तापासारखा अंगावर काढला जातो.

कत्तलखान्यांचे नियमन हा 1992 च्या 74 व्या घटनादुरुस्तीने नागरी स्थानिक संस्थांकडे सोपवलेल्या विषयांपैकी एक आहे. छोट्या गावाला देवनारची नक्कल नको. छपराखालचा पक्का ओटा, वाहते पाणी, पुराच्या रेषेच्या वर खोदलेला झाकणाचा खड्डा, कापणाऱ्यासाठी हातमोजे आणि बाजाराच्या दिवशी हजर असणारा पशुवैद्यक, एवढी सोय नगरपंचायतीने आधी करावी.